पाठलागाचा गुन्हा: प्रत्येक कृती निरुपद्रवी असेल, तर कायदा गुन्हा नेमका कशाला म्हणतो?

पानगळ (प्रश्न)

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीला तिच्या एका माजी सहकाऱ्याने जवळजवळ सात महिने छळले. ‘छळले’ हा शब्द मी आज वापरतो आहे, त्या वेळी आम्हाला तो वापरताना संकोच वाटत होता, कारण त्या माणसाने तिच्या अंगाला कधी हात लावला नाही, शिवी दिली नाही आणि एकदाही धमकी दिली नाही. ती काम संपवून बाहेर पडे तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडे उभा असे. तिने फोनचा क्रमांक बदलला की काही दिवसांत नव्या क्रमांकावर ‘कशी आहेस?’ एवढाच संदेश येई. वाढदिवसाला घरी फुले आली, आणि त्या घराचा पत्ता तिने त्याला कधीच दिलेला नव्हता.

आम्ही तक्रार द्यायला गेलो तेव्हा समोरच्या अंमलदारांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पण त्याने केले काय?” प्रश्न उद्धटपणे विचारलेला नव्हता, म्हणूनच तो मला अधिक लागला. रस्त्यावर उभे राहणे गुन्हा नाही, खुशाली विचारणे गुन्हा नाही, फुले पाठवणे तर नाहीच. शेवटी अदखलपात्र नोंद करून आम्हाला पाठवण्यात आले. पुढे तो माणूस दुसरीकडे निघून गेला आणि त्रास थांबला, त्यामुळे मला तातडीचा सल्ला नको आहे. मला समजून घ्यायचे आहे ते असे की, कायदा या गुन्ह्याची व्याख्या कशी करतो, धमकी नसताना तो गुन्हा कशाच्या आधारे मानतो, आणि त्यात पीडित व्यक्तीच्या भीतीला महत्त्व आहे की करणाऱ्याच्या हेतूला. इथे कायद्याचा अभ्यास असणारे काही जण आहेत, त्यांनी सवडीने लिहावे ही विनंती.

दस्तऐवज

आपल्याला विचारला गेलेला प्रश्न फौजदारी कायद्याच्या जुन्या सवयीतून आलेला आहे. चोरी, मारहाण, खून हे गुन्हे एका वेळी, एका ठिकाणी घडतात. त्यांचा दिनांक आणि घटनास्थळ फिर्यादीत लिहिता येते. पाठलागाचा गुन्हा असा एका क्षणात घडत नाही. तो सुट्या कृतींमध्ये नसतो, त्यांच्या साखळीत असतो, आणि साखळीलाच गुन्हा ठरवण्याची कल्पना कायद्यात फार उशिरा आली. आपले अंमलदार एकेक कडी हातात घेऊन पाहत होते आणि प्रत्येक कडी खरोखरच निरुपद्रवी होती.

या विषयावरचा पहिला आधुनिक कायदा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९० मध्ये केला. १९८९ मध्ये एका तरुण अभिनेत्रीचा, तीन वर्षे तिच्या मागावर असलेल्या माणसाने तिच्या घराच्या दारात खून केला होता. त्याच सुमारास त्या राज्यात काही स्त्रिया न्यायालयाचा मनाई आदेश हातात असूनही मारल्या गेल्या होत्या. या घटनांनंतर दंडसंहितेत कलम ६४६.९ आले. त्यात वारंवार मागे लागणे किंवा छळणे याच्या जोडीला ‘विश्वासार्ह धमकी’ असणे आवश्यक होते, म्हणजे आपल्या बहिणीचा प्रश्न तिथेही सुरुवातीला सुटला नसता. पुढच्या दुरुस्त्यांनी धमकी शब्दांतच असली पाहिजे असे नाही, ती वर्तनाच्या क्रमातूनही सूचित होऊ शकते, हे मान्य केले. तेथील इतर राज्यांनीही काही वर्षांतच असे कायदे केले.

इंग्लंडचा मार्ग मला अधिक उद्बोधक वाटतो. तिथे १९९७ पूर्वी असा गुन्हा नव्हता, तेव्हा सरकारी वकिलांना १८६१ च्या शारीरिक इजेच्या कायद्याचा आधार घ्यावा लागला. एका प्रकरणात आरोपी रात्री स्त्रियांना फोन करून काहीही न बोलता थांबत असे. दुसऱ्यात एक जण महिनोन्‌महिने एका स्त्रीच्या मागे होता. दोन्ही प्रकरणे एकत्र हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठासमोर, आली, आणि १९९७ मध्ये निकाल असा लागला की सिद्ध झालेला मानसिक आजार हीसुद्धा शारीरिक इजाच आहे आणि ती मौनानेही पोचवता येते. निकाल धाडसी होता, परंतु त्यात एक क्रूर अट दडलेली होती: पीडित व्यक्ती वैद्यकीय अर्थाने आजारी पडेपर्यंत गुन्हा पूर्ण होत नव्हता. त्याच वर्षी आलेल्या छळप्रतिबंधक कायद्याने ही अट काढली आणि किमान दोन प्रसंगांचा ‘वर्तनक्रम’ गुन्हा ठरवला. २०१२ मध्ये त्यात पाठलागासाठी स्वतंत्र कलमे घालण्यात आली. इंग्रज कायदेकर्त्यांनी बंदिस्त व्याख्या करण्याचे टाळले आणि उदाहरणे दिली: मागे जाणे, संपर्क साधणे, एखाद्या ठिकाणी घुटमळणे, इंटरनेटच्या वापरावर लक्ष ठेवणे, मालमत्तेत ढवळाढवळ करणे, पाळत ठेवणे. यादी खुली ठेवण्याचे कारण उघड आहे. ज्याच्या डोक्यात ध्यास शिरला आहे, तो यादीत नसलेला मार्ग शोधतोच.

आपण विचारलेल्या भीतीच्या मुद्द्यावर जर्मनीचा अनुभव सांगण्यासारखा आहे. तिथे २००७ मध्ये हा गुन्हा आला तेव्हा पीडित व्यक्तीच्या जीवनक्रमात प्रत्यक्ष गंभीर बाधा आली असल्याचे सिद्ध करावे लागे. व्यवहारात याचा अर्थ असा झाला की घर बदलले, नोकरी सोडली, तर गुन्हा. जी निग्रहाने आपले रोजचे आयुष्य तसेच चालू ठेवते तिच्या बाबतीत मात्र गुन्हा सिद्ध होणे अवघड. खंबीर राहण्याची शिक्षा पीडितेलाच. २०१७ मध्ये ही अट बदलून, वर्तन अशी बाधा आणण्याजोगे असले तरी पुरे, असे करण्यात आले, आणि २०२१ मध्ये ‘चिकाटीने’ याऐवजी ‘वारंवार’ हा सौम्य शब्द घालून गुन्ह्याचा उंबरठा आणखी खाली आणला गेला. चौदा वर्षांत दोनदा एकाच कलमाची शब्दयोजना बदलावी लागली, यावरून ही व्याख्या किती कठीण आहे याची कल्पना येईल.

साक्षीपुरावा

वरील प्रतिसादाला जोडून भारतीय कायद्याबद्दल लिहितो, कारण तो या सर्वांपेक्षा वेगळ्या पायावर उभा आहे आणि हे वेगळेपण आपल्याकडेही फारसे लक्षात घेतले जात नाही.

न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आले. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात, स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दर्शवल्यानंतरही वैयक्तिक संबंध वाढवण्यासाठी पुरुषाने वारंवार तिच्या मागे जाणे आणि तिच्याशी संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे येते. दुसऱ्यात, तिच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणे येते. आता यात काय नाही ते पाहा. धमकीची अट नाही. भीती सिद्ध करण्याची अट नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा विचारतो की तिला भीती वाटली का, जर्मनीचा विचारतो की तिचे आयुष्य विस्कटू शकले असते का, आणि आपला कायदा विचारतो की तिने नको म्हटले होते का. माझ्या मते हा पाया तत्त्वतः अधिक योग्य आहे, कारण तो स्त्रीच्या घाबरण्यावर अवलंबून नसून तिच्या इच्छेवर अवलंबून आहे.

परंतु शब्दयोजनेत उणिवा राहिल्या. पहिल्या भागात ‘मागे जाणे’ आणि ‘संपर्क साधणे’ यांच्यामध्ये ‘आणि’ आहे. दंडविधान काटेकोरपणे वाचायचे असते, त्यामुळे जो नुसता रोज समोर उभा राहतो आणि एक शब्दही बोलत नाही, त्याचा वकील या ‘आणि’वर बोट ठेवू शकतो. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात भीती किंवा तीव्र अस्वस्थता निर्माण होईल अशा रीतीने पाळत ठेवण्याचाही समावेश होता, आणि ती तरतूद व्यक्तीच्या लिंगाचा उल्लेख न करता केलेली होती. संसदेने कायदा केला तेव्हा पाळतीचा भाग गेला आणि गुन्हा पुरुषाने स्त्रीविरुद्ध करण्यापुरता सीमित झाला. दुसऱ्या बदलाची चर्चा खूप झाली. पहिला बदल चुपचाप झाला, आणि माझ्या दृष्टीने नुकसान त्यानेच अधिक केले. पीडित व्यक्ती बालक असेल तर मात्र २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याचे, कलम ११ लागू होते. त्यात लैंगिक हेतूने बालकाचा वारंवार पाठलाग करणे, पाहत राहणे किंवा संपर्क साधणे हे सर्व ‘किंवा’ने जोडलेले आहे, आणि तेथे मुलगा-मुलगी असा भेद नाही.

शिक्षेविषयी थोडक्यात सांगतो. पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड, दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या दोषसिद्धीस पाच वर्षांपर्यंत. पहिल्या वेळी गुन्हा जामीनपात्र, नंतर अजामीनपात्र. दोन्ही वेळी तो दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास सुरू करता येतो, आणि आपल्या प्रकरणात चूक झाली ती इथेच. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की प्रथम खबर अहवाल नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले आहे. तिच्या फोनवरील संदेश आणि रोजचे मागे येणे या दोन गोष्टी एकत्र मांडल्या असत्या, तर अदखलपात्र नोंदीवर विषय संपवता आला नसता. खबर नाकारली गेली, तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तरीही काही न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ही वाट आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १७३ मध्येच लिहिलेली आहे.

पानगळ

दोघांचेही मनापासून आभार. ‘तिने नको म्हटले होते का’ हे वाचून मात्र मी बराच वेळ थांबलो. तिने सुरुवातीचे दोन महिने स्पष्ट नकार दिलाच नव्हता. त्याच्या संदेशांना ती ‘ठीक’ असे उत्तर देत राहिली, कारण एकाच ठिकाणी काम केलेले, पुन्हा कधी गाठ पडेल, कटुता नको, असे तिला वाटत होते. पुढे तिने उत्तर देणेच बंद केले. उत्तर न देणे ही कायद्याच्या भाषेत ‘स्पष्ट अनिच्छा’ आहे का? की त्या सौजन्याचाच उपयोग तिच्याविरुद्ध झाला असता?

साक्षीपुरावा

प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. कलमात ‘नाही’ हा शब्द उच्चारलाच पाहिजे असे म्हटलेले नाही. अनिच्छेचा स्पष्ट निर्देश असावा, एवढेच म्हटले आहे. निर्देश कृतीतूनही होतो. क्रमांक अवरोधित करणे, स्वतःचा क्रमांक बदलणे, समोर आल्यावर रस्ता बदलणे, तिसऱ्या व्यक्तीमार्फत निरोप देणे, या गोष्टी एकत्र पाहिल्यावर कोणत्याही समंजस माणसाला अर्थ कळायला हवा. ज्याच्यापासून सुटण्यासाठी क्रमांक बदलला, त्याने नवा क्रमांक मिळवून संदेश पाठवणे, याहून ठळक उदाहरण मिळणार नाही. नुसत्या मौनाबद्दल मात्र बचाव पक्ष नक्की वाद घालेल, आणि आधीची ‘ठीक’ ही उत्तरे वाचूनही दाखवेल. त्याला उत्तर असे की पूर्वी दिलेले सौजन्याचे उत्तर म्हणजे पुढच्या सर्व संपर्काला दिलेली संमती होत नाही. गुन्ह्याचा काळ नकार स्पष्ट झाल्यापासून मोजायचा असतो.

म्हणूनच मी विचारणाऱ्यांना एकच सांगत आलो आहे. शक्य असेल तेव्हा एकदा, लेखी, विनाकारणमीमांसा, ‘यापुढे माझ्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये’ असा संदेश पाठवावा आणि त्यानंतर उत्तर देणे पूर्ण थांबवावे. कारणे दिली की वाटाघाट सुरू होते. ज्या प्रकरणात असा संदेश पाठवल्याने धोका वाढेल असे वाटते, तिथे तो न पाठवता थेट तक्रार करणे योग्य.

उत्तररात्र

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडताना पानगळ यांच्या बहिणीला झालेल्या त्रासाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझी काळजी व्याख्येच्या रुंदीची आहे. साखळीलाच गुन्हा म्हटले आणि यादी खुली ठेवली, तर वसुलीसाठी वारंवार येणारा, प्रश्न विचारत मागे लागणारा पत्रकार, दुरावलेल्या मुलाला पत्रे पाठवणारा बाप, या सर्वांना त्या कलमात ओढता येईल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कौंटरमन विरुद्ध कोलोराडो या खटल्यात हीच काळजी गंभीरपणे घेतली. एका माणसाने एका गायिकेला दोन वर्षांत फेसबुकवर शेकडो संदेश पाठवले. ती त्याला अवरोधित करी आणि तो नवे खाते उघडे. तिने गाण्याचे कार्यक्रम रद्द केले, एकटीने बाहेर पडणे सोडले. तरीही न्यायालयाने म्हटले की, आपले शब्द धमकी म्हणून घेतले जातील ही शक्यता त्याला जाणवत होती आणि त्याने ती बेदरकारपणे दुर्लक्षिली, एवढे तरी सिद्ध झाले पाहिजे. समंजस माणसाला ते धमकीचे वाटले असते, एवढे पुरेसे नाही. ज्याला आपण काय करतो आहोत याची जाणीवच नाही, त्याला गुन्हेगार म्हणावे का, हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही.

दस्तऐवज

उत्तररात्र यांची काळजी रास्त आहे, आणि चांगल्या कायद्यांनी तिची दखल घेतलेली आहे. आपल्या कलम ७८ लाही अपवाद आहेत: राज्याने सोपवलेल्या जबाबदारीतून गुन्ह्याचा तपास किंवा प्रतिबंध करणे, एखाद्या कायद्यानुसार केलेली कृती, आणि त्या परिस्थितीत वाजवी व समर्थनीय असलेले वर्तन. शिवाय ‘वैयक्तिक संबंध वाढवण्यासाठी’ हे शब्द वसुलीवाल्याला आणि पत्रकाराला सहसा बाहेरच ठेवतात. जपानने २००० च्या कायद्यात याहून अरुंद वाट निवडली. तिथे प्रेमभावना, किंवा ती अपूर्ण राहिल्याचा राग, हा हेतू असावा लागतो. पण या अरुंदपणाची किंमतही आहे. निव्वळ सूड म्हणून मागे लागलेला माणूस अशा व्याख्येतून निसटू शकतो.

अमेरिकेच्या निकालाबद्दल मात्र एक खुलासा करतो. तो खटला संदेशांतील मजकुरावर उभा होता आणि म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीला लागला. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी आपल्या सहमतीच्या निकालपत्रात, वारंवार होणारा, नको असलेला थेट संपर्क या स्वरूपाच्या वर्तनाबाबत ही अडचण तितकी राहत नाही, असे नमूद केले आहे. माझा मुद्दा हाच आहे. कोणी काय म्हटले यापेक्षा, थांबायला सांगितल्यावर तो थांबला का, हे पाहिले की जाणिवेचा प्रश्न बराचसा सुटतो. पहिल्या दिवशी त्याला कदाचित जाणीव नसेल. नवे खाते उघडताना ती नव्हती, असे मला म्हणता येत नाही. इंग्लंडचा कायदा तर आणखी पुढे जातो. आरोपीला आपले वर्तन छळ आहे हे माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते, एवढे तिथे पुरते. स्वतःच्या ध्यासात पूर्ण बुडालेल्या माणसाला ‘मला कळलेच नाही’ हा बचाव मिळू नये, असा त्यामागे विचार आहे.

शिक्षेपेक्षा लवकर होणारा हस्तक्षेप महत्त्वाचा, याकडेही कायदे आता वळत आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१९ च्या कायद्याने पोलिसांना, दोषसिद्धीची वाट न पाहता, न्यायालयाकडून पाठलाग-संरक्षण आदेश मागता येतो. त्यात संपर्काची मनाई घालता येते आणि उपचाराला हजर राहण्यासारखी अटही घालता येते. जपानमध्ये मनाई आदेशाची तरतूद सुरुवातीपासून आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गाडीला लपवून लावलेल्या जीपीएस यंत्राने दुरून ठिकाण जाणून घेणे ‘घराजवळ पाळत ठेवणे’ या शब्दांत बसत नाही असे ठरवले, आणि पुढच्याच वर्षी संसदेने तसे स्पष्ट कलम घातले. आपल्याकडे या गुन्ह्यासाठी असा स्वतंत्र आदेश नाही, ही मला मोठी उणीव वाटते. कौटुंबिक नाते असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संपर्कबंदीचा आदेश मिळतो. परका माणूस असेल तर जामिनाच्या अटी किंवा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०७ म्हणून ओळखली जाणारी प्रतिबंधात्मक कारवाई, जी आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली होते, एवढेच हाती राहते.

पानगळ

सर्व प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मी भांबावून एकेक गोष्ट सांगत गेले, आणि एकेक गोष्ट सांगितली की ती लहानच वाटते.” शेवटचा प्रश्न विचारतो: साखळी दाखवायची कशी?

साक्षीपुरावा

वहीत. पहिल्या प्रसंगापासून दिनांक, वेळ, ठिकाण, काय घडले आणि कोण सोबत होते, एवढे प्रत्येक वेळी त्याच दिवशी लिहून ठेवावे. संतापाच्या भरात संदेश पुसून टाकू नयेत. चित्रप्रत घ्यावीच, पण मूळ संदेश ज्या फोनवर आले तो फोनही जपून ठेवावा, कारण इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात नोंद कोणत्या यंत्रातून आली हे सांगायचे असते. फुलांसोबतची चिठ्ठी, पाकीट, पोचपावती ठेवून द्यावी. फिर्याद देताना प्रसंग तारखेच्या क्रमाने लिहावेत, आणि नकार ज्या दिवशी स्पष्ट झाला तो दिवस ठळकपणे मांडून त्यानंतरचे प्रसंग वेगळे दाखवावेत. स्त्रीची या कलमाखालील खबर महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा महिला अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायची असते, तेव्हा तशी मागणी करण्यास संकोच करू नये.

आपल्या बहिणीने ती अदखलपात्र नोंदीची प्रत मात्र सांभाळून ठेवावी. तो माणूस पुन्हा उगवला, तर नव्या फिर्यादीत पहिली तारीख त्या कागदावरची असेल.